संसार, नोकरी आणि संगणकावरील स्वयंसेवा

स्वयंसेवा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर विहाराचे बांधकाम, जयंतीची वर्गणी, वस्तीतील अभ्यासवर्ग ही कामे येतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगात आणखी एका प्रकारची स्वयंसेवा रुजली आहे. ती संगणकावर चालते. एकमेकांची तोंडेही न पाहिलेली माणसे मिळून एखादे सॉफ्टवेअर लिहितात, ज्ञानकोश भरतात, नकाशे तयार करतात आणि त्याचा मोबदला घेत नाहीत. लिनक्स ही प्रणाली १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केली व पुढे हजारो हातांनी ती वाढवली. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये निघाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. गावागावांचे रस्ते, शाळा, विहिरी लोकांनीच नोंदवायचा ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून चालू आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस येथील मुलेमुली आता अभियांत्रिकीला जातात, पुण्या-नागपुरात नोकऱ्या करतात, काही जण २०२० च्या टाळेबंदीपासून घरूनही काम करतात. त्यांच्यापैकी ज्यांना अशा कामाची गोडी लागली, त्यांच्या घरून दोन प्रकारच्या तक्रारी ऐकू येतात. पहिली, "हा रात्रंदिवस त्या डब्यासमोर असतो." दुसरी, "फुकटचे काम करून काय मिळणार?" दुसऱ्या तक्रारीचे उत्तर सोपे असल्याने ते आधी देतो.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे ग्रंथ सर्वांसाठी खुले होतात. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९५७ मध्ये निघाला. त्याची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजावयाची, म्हणून तो एक वर्षाने मागून खुला झाला. (नंतरच्या संपादकांच्या प्रस्तावना व टिपा, तसेच इतरांनी केलेले अनुवाद यांना हा नियम आपोआप लागू होत नाही, हे ध्यानी ठेवावे.) असे ग्रंथ संगणकावर आणण्याचे काम विकिस्रोत या ठिकाणी चालते. एका बाजूला छापील पानाचे चित्र असते व दुसऱ्या बाजूला अक्षरे टंकित करावयाची असतात. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा ताडून पाहिलेले हिरवे. एकट्याला आपले पान हिरवे करता येत नाही. हे काम जो करील तो एक पैसा कमावणार नाही. परंतु झरी जामणीच्या विद्यार्थ्याला एखादा परिच्छेद शोधून मिळेल तो अशाच कोणीतरी टंकित केलेला असेल म्हणून. तेव्हा फुकटच्या कामाचे फळ दिसत नाही असे म्हणणे बरोबर नव्हे.

आता पहिल्या तक्रारीकडे वळू. ती अधिक गंभीर आहे आणि बहुतांशी खरीही आहे.

रात्र का खाल्ली जाते, याला एक साधे भौगोलिक कारण आहे. यवतमाळात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत जर्मनीत संध्याकाळचे साडेसहा, न्यूयॉर्कला दुपारचे साडेबारा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे आपण अंथरूण घालण्याच्या सुमारास जगातील निम्मे सहकारी कामाला लागलेले असतात. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येऊ लागते ते तेव्हाच. उत्तराला प्रत्युत्तर देता देता दीड वाजतो. सकाळी सातला शाळा असलेल्या शिक्षकाने किंवा पाळी असलेल्या कर्मचाऱ्याने असे महिनाभर केले तर त्याचा परिणाम प्रकृतीवर आणि नोकरीवर होणारच. वास्तविक या कामाची पद्धत उत्तर सावकाश दिले तरी चालावे अशीच बेतलेली आहे. लिहून ठेवलेला प्रश्न उद्याही तेथेच असतो. घाई कामाला नसते, ती आपल्याला असते.

दुसरे कारण मनातले आहे. कचेरीत ज्याला कोणी विचारीत नाही, आडनाव ऐकून ज्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते, त्याच्या कामाचे तेथे केवळ काम म्हणून कौतुक होते. आपल्या समाजातील तरुणाला ही वागणूक किती हवीशी वाटते, ते वेगळे सांगावयास नको. त्यात बाबासाहेबांवरील किंवा बौद्ध धम्मावरील लेखात कोणी खोडसाळ बदल केला की रक्त तापते. तो बदल खोडावा, त्याने पुन्हा करावा, आपण पुन्हा खोडावा, असे पहाटेपर्यंत चालते. इंग्रजी विकिपीडियात एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे बदल उलटविण्यास मनाई आहे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. तीनदा खोडून न भागलेले काम चौथ्यांदा खोडून भागत नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन खंड व पृष्ठ क्रमांकासह आधार शोधावा आणि तो चर्चेत मांडावा. तो बहुधा टिकतो.

अतिश्रमाचे काय होते, याचे अलीकडचे उदाहरण 'एक्स-झेड' या छोट्या सॉफ्टवेअरचे आहे. माहिती दाबून लहान करणारे हे साधन जगभरातील असंख्य लिनक्स संगणकांत असते. फिनलंडमधील लासे कोलिन हे गृहस्थ ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकटे, विनामूल्य सांभाळीत होते. २०२२ साली काही जणांनी काम मंद चालते म्हणून त्यांच्यामागे लकडा लावला. आपली मनःप्रकृती बरी नाही आणि हे बिनपगारी आवडीचे काम आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. त्याच सुमारास 'जिया टॅन' या नावाने वावरणारी एक व्यक्ती मदतीला पुढे आली, तिने विश्वास मिळवला आणि किल्ल्या हाती आल्यावर २०२४ च्या आरंभी त्यात चोरवाट ठेवली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्याने तो धागा धरून शोध घेतला, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघडकीस आला. एका थकलेल्या माणसावर सारा भार टाकून बाकीचे निर्धास्त राहिले, हे या प्रकरणाचे मूळ आहे.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले तेव्हा त्यांची वकिली चालू होती, अध्यापन चालू होते, कायदेमंडळाचे सभासदत्व होते आणि महाडचा लढाही त्याच वर्षीचा. मदतनीस नसल्याने चोवीस-चोवीस रकाने एकट्या संपादकाला भरावे लागतात, ही व्यथा त्यांनी त्याच पत्रातून मांडली होती. मोबदला न घेता, आपल्या सुखाची व प्रकृतीची पर्वा न करता त्यांनी ते चालविले. पैशाची चणचण आणि मनुष्यबळाचा अभाव यांमुळे १९२९ च्या अखेरीस ते बंद पडले. नोव्हेंबर १९३० मध्ये निघालेल्या 'जनता'चे संपादन मात्र देवराव नाईक व पुढे इतर सहकाऱ्यांनी सांभाळले आणि ते पत्र पाव शतक चालून १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. बाबासाहेबांसारख्या प्रचंड कर्तृत्वाच्या पुरुषालाही जे एकट्याने फार काळ रेटता आले नाही, ते आपण एकट्याने रेटू असे मानण्यात अर्थ नाही.

मग किती करावे? सोण नावाच्या भिक्खूची कथा आपण विहारात ऐकली आहे. चंपेच्या श्रीमंत घरातला हा तरुण चालत ध्यान करता करता पाय रक्तबंबाळ करून बसला. भगवंतांनी त्याला वीणेचे उदाहरण दिले. तार फार ताणली तरी वाजत नाही आणि ढिली ठेवली तरी वाजत नाही. या कथेचा अर्थ अनेकदा 'थोडे कमी करा' एवढाच घेतला जातो. परंतु भगवंतांनी सोणाला साधना सोडावयास सांगितले नाही, तार जुळवावयास सांगितले. तार एकदा जुळवून भागत नाही, प्रत्येक वेळी कान लावावा लागतो. परीक्षेच्या महिन्यात, घरात बाळंतपण असताना, कापूस वेचणीच्या दिवसांत ती निराळी जुळेल.

तरीही ज्याला आकडा हवा त्याच्यासाठी एक हिशेब मांडतो. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा देण्यास सांगितले. हेच माप वेळेला लावून पाहा. झोपेचे आठ तास वगळले तर आठवड्याला जागेपणीचे ११२ तास उरतात. त्यांचा विसावा हिस्सा ५ तास ३६ मिनिटे. म्हणजे आठवड्यात दोन संध्याकाळी दीड-दीड तास आणि रविवारी सकाळी अडीच तास. एवढ्यात विकिस्रोतावरील बरीच पाने होतात. विहाराचे किंवा मंडळाचे दुसरे काम असेल तर तेही याच तासांत बसवावे लागेल, कारण हिस्सा एकच आहे. पैशाच्या विसाव्या हिश्श्याबाबत आपण कंजूषी करतो आणि वेळेच्या बाबतीत उधळे होतो, ही गंमतच म्हणावयाची.

दीघजाणु या कोलिय गृहस्थाने भगवंतांना विचारले होते की, आम्ही बायकामुलांत राहणारे लोक, आमच्या या जन्मीच्या हिताचे काही सांगा. तेव्हा सांगितलेल्या चार गोष्टींत समजीविता, म्हणजे मिळकतीच्या मानाने बेताने जगणे, ही एक आहे. तेथे उंबराचा दृष्टान्त आहे. मूठभर फळांसाठी जो सारे झाड हलवतो, त्याची खाल्ली जातात थोडी आणि मातीत जातात फार. विद्यार्थ्यांना हा दृष्टान्त विशेष लागू पडतो. पाच-सहा प्रकल्पांत नाव घालायचे, सगळीकडे चार ओळी लिहायच्या आणि कोठेच काही पुरे करायचे नाही. एकच काम निवडावे. ज्यांना यातून शिक्षण व थोडे मानधनही हवे, त्यांच्यासाठी गूगलचा 'समर ऑफ कोड' हा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, आणि तंत्रक्षेत्रात ज्यांचे प्रतिनिधित्व अल्प आहे अशांसाठी 'आउटरीची' आहे. दोन्हींत घरबसल्या काम करता येते. मात्र ते तीन-एक महिन्यांचे नेटाचे काम असते. स्पर्धा परीक्षेचे वर्ष असेल तर त्या वर्षी अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरीबाबत थोडक्यात. कचेरीचा संगणक व कचेरीची वेळ या कामाला वापरू नये. खाजगी कंपनीत असाल तर नेमणुकीच्या कराराचा कागद काढून वाचावा. तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक आज्ञावलीवर कंपनीचा हक्क राहील अशी अट पुष्कळदा त्यात असते. तशी अट असल्यास लेखी परवानगी घ्यावी. शासकीय सेवकांनी वर्तणूक नियम, १९७९ पाहून घ्यावेत आणि मानधन मिळणार असेल तर आधी वरिष्ठांना विचारावे.

घराचा विषय मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. "अहो, पिंट्याला ताप आहे, जरा बघता का?" "आलोच, पाच मिनिटे." ही पाच मिनिटे कोणाच्या खात्यातून जातात? बहुतेक घरी ती बाईच्या खात्यातून जातात. पती स्वयंसेवक म्हणून नावाजला जातो, आणि त्याची ताटे, त्याची मुले, त्याचे आजारी आईवडील ती सांभाळते. याला संतुलन म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. सिगाल सुत्तात पतीची पत्नीविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतले पहिले तिचा मान राखणे आणि दुसरे तिची अवहेलना न करणे. तेव्हा ते साडेपाच तास कोणते, हे घरातल्या दोघांनी बसून ठरवावे, आणि तितकेच तास तिला तिच्या मनाजोगते मिळावेत. त्या वेळेत स्वयंपाक व मुले त्याने पाहावीत. आपल्या कितीतरी मुली संगणकशास्त्र शिकल्या, लग्न झाले आणि त्यांचा संगणकाशी संबंध मुलांच्या गृहपाठापुरता उरला. मराठीत लिहिणाऱ्या स्वयंसेवकांत त्या दिसत नाहीत याचे कारण आवड नसणे हे नव्हे.

थांबण्याचीही रीत असते. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी आपले बोलणे सहकाऱ्यांना दुखावते हे मान्य करून सप्टेंबर २०१८ मध्ये रजा घेतली. त्या काळात ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी काम पाहिले आणि महिनाभरात टोरवाल्ड्स परत आले. डेबियन या प्रकल्पाच्या घटनेत तर कोणावरही काम करण्याची सक्ती नाही, सोपवलेले कामही नाकारता येते, असे नमूद आहे. विकिपीडियात सुट्टीची पाटी आपल्या पानावर लावता येते. ज्याला स्वतःचा भरवसा वाटत नाही त्याच्यासाठी, ठरलेल्या तारखेपर्यंत आपल्याला आत शिरूच न देणारी युक्तीही कोणीतरी करून ठेवली आहे.

सुट्टीवर जाताना कोणते पान कोठवर आले, कोणता ग्रंथ कोणाकडे आहे, कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले, हे एका कागदावर लिहून दुसऱ्याच्या हाती द्यावे. मंडळाच्या संकेतस्थळाच्या किंवा खात्याच्या किल्ल्या किमान दोघांकडे असाव्यात, आणि ते दोघे एकाच घरातले नसावेत.