‘नी’मधला के आणि आपला ज्ञ

आज खरं तर ‘डब्ल्यूआर’ने सुरू होणाऱ्या, पिळण्या-वळण्याशी नातं असलेल्या इंग्रजी शब्दांतली उरलेली मंडळी घ्यायची होती. रिस्ट, रिंकल, रेंच झाले; रीथ आणि रेसल राहिलेत. ते आठवडाभर थांबतील, कारण सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय आणि ते मला बाजूला ठेववत नाही. सहावीच्या वर्गात त्या स्पेलिंगं पाठ करून घेत होत्या. गुडघ्याचं ‘नी’ आलं तेव्हा एका मुलाने विचारलं, “बाई, के म्हणायचाच नाही तर लिहायचा कशाला?” बाईंनी ‘तो सायलेंट आहे’ असं सांगून वेळ निभावली. पण त्यांचंच समाधान होईना.

हा के मुळात मुका नव्हताच. जुन्या इंग्रजीत जाणणे म्हणजे ‘क्नावन’, आणि त्यातला क लोक ठणठणीत म्हणायचे. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तेव्हाही म्हणत होते. छपाईने स्पेलिंगं हळूहळू रुळत गेली, आणि मग सतराव्या शतकात जिभेने क सोडायला सुरुवात केली. अठरावं उजाडेपर्यंत तो बहुतेकांच्या तोंडातून गेला होता. कागदावर मात्र राहिला.

जर्मनांनी तो अजून धरून ठेवलाय. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात मी जर्मन शिकायला जायचो. पहिल्याच महिन्यात बाई अवयवांची नावं शिकवत होत्या. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘क्नी’. आम्ही सगळे म्हणालो, ‘कनी’. त्यांनी मान हलवली, गुडघ्यावर टिचकी मारली आणि पुन्हा म्हणाल्या, ‘क्नी’. क आणि न एकमेकांना चिकटलेले, मध्ये स्वराला जागाच नाही. पुढे कणीक मळायचं ‘क्नेटन’ आलं, गाठ ‘क्नोटन’ आली. इंग्रजीतले के-एनवाले नीड आणि नॉट ते हेच. त्या दिवशी माझ्या वहीत दोन रकाने पडले, इंग्रजीचा आणि जर्मनचा. तिसरा घरी येऊन मी स्वतः आखला, संस्कृतचा.

त्यात पहिला शब्द लिहिला ‘जानु’. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो, हे आपल्याला शाळेतच कळलेलं असतं. लॅटिनमध्ये गुडघा ‘गेनू’, ग्रीकमध्ये ‘गोनू’. मूळ ध्वनी एकच. संस्कृतात त्याचा ज झाला, ग्रीक-लॅटिनमध्ये ग राहिला आणि इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात क झाला. ग चा हा क योगायोगाने होत नाही, नियमाने होतो, हे याकोब ग्रिमने १८२२ मध्ये दाखवून दिलं. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला तो हाच. नियम एकदा कळला की नाती आपोआप सापडू लागतात. ‘जंभ’ म्हणजे दात, आणि इंग्रजी ‘कोम’ म्हणजे कंगवा, तोही दातांचाच. ‘अज्र’ म्हणजे शेत, आणि आपण शेत मोजतो तो एकर.

दुसरा शब्द माझा फार लाडका: ‘नो’, के-एन-ओ-डब्ल्यू. त्याच्यासमोर तिसऱ्या रकान्यात येतो ‘ज्ञा’. ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. के-एनची ही सख्खी जोडी! बरं, हा ज्ञ तरी आपण लिहिल्यासारखा कुठे म्हणतो? मराठीत ‘द्न्य’, हिंदीत ‘ग्य’, गुजरातीत ‘ग्न’. ज्ञानेश्वरांचं नाव रोमन लिपीत आपण डी-एन-वायने लिहितो ते यामुळेच. इंग्रजाने क टाकला, आपण ज चा द केला; लिहिताना मात्र दोघांनीही जुनं अक्षर जपलं. लॅटिननेही शब्दाच्या सुरुवातीचा ग गाळला, म्हणून ‘नोटीस’मध्ये तो नाही. पण मागे आधाराला स्वर असला की टिकला: इग्नोर, रेकग्नाइज. याच धातूची एक लपलेली लेक म्हणजे ‘अनकूथ’. तिचा मूळ अर्थ नुसता ‘अज्ञात’. पुढे जो ओळखीचा नाही तो रांगडा, अडाणी ठरत गेला आणि शब्दाला तोच अर्थ चिकटला.

के-एनमध्ये दोन पोरांची गोष्टही आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘नाइट’ म्हणजे जुन्या इंग्रजीत पोरगा. ‘नेव्ह’ म्हणजेही पोरगाच. दोघेही पुढे चाकर झाले. मग पहिला राजाच्या पदरी शिलेदार झाला, त्याच्या नावामागे ‘सर’ लागलं. दुसरा लबाड ठरला. पत्त्यांतला आपला गुलाम तो हा नेव्ह. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये पिप या पत्त्याला ‘जॅक’ म्हणतो आणि एस्टेला त्याला हिणवते, कारण बड्या घरांत तेव्हा नेव्ह म्हणत. जर्मनमध्ये मात्र नाइटचा भाऊ ‘क्नेख्ट’ चाकरीतच राहिला, आणि नेव्हचा भाऊ ‘क्नाबे’ निव्वळ मुलगा राहिला, कसलाही डाग न लागता.

पत्र लिहिणाऱ्या त्या बाईंना मी कळवलंय, की फळ्यावर ‘नी’चं स्पेलिंग लिहा, शेजारी ‘जानु’ लिहा. के आणि ज यांच्याभोवती एकाच रंगाच्या खडूने गोल काढा. खाली के-एन-ओ-डब्ल्यू आणि ‘ज्ञा’. मग त्या मुलाला फळ्याजवळ बोलवा आणि ज्ञ मोठ्याने म्हणायला सांगा.

रीथ आणि रेसल पुढच्या आठवड्यात.