इसबाची खाज गोळीने का थांबत नाही?

"डॉक्टर, खाजेची गोळी दिली, पोर झोपलं, पण झोपेतही खाजवतच होतं," इसब झालेल्या मुलाची आई परवा सांगत होती. तिचे म्हणणे खरे आहे. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात तेव्हा कातडीत हिस्टामिन हे द्रव्य सुटते; ॲलर्जीची गोळी तेच अडवते. इसबाची खाज मात्र बरीचशी दुसऱ्या वाटेने येते. सुजलेल्या कातडीत इंटरल्यूकिन-४, १३, ३१ अशी द्रव्ये तयार होतात. ती संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतात (४ क्रमांकाचे हे काम २०१७ साली उघड झाले) आणि खाजेचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. खाजवल्याने होणाऱ्या वेदनेने खाज घटकाभर दबते. पण कातडी सोलवटते, सूज वाढते, तंतू अधिकच हळवे होतात.

तेव्हा मुळात सूज उतरवायला हवी. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधे व्हॅसलिन लावा, मुलाची नखे कापा. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडचे मलम सांगितले तितकेच दिवस वापरा. दुकानातून आपल्या मनाने आणलेले मिश्र मलम नको. इसबाऐवजी गजकर्ण असले तर ते त्याने पसरते. त्या आईच्या पिशवीतूनही असली एक ट्यूब निघालीच!