तीन पत्तीची सवय, पोकरचं टेबल

आमच्या इच्छापुरात लक्ष्मीपूजन आटोपलं की फराळाच्या ताटांच्या आधी पत्त्यांचा कॅट निघतो. डाव शेंगदाण्यांवर, पण इरेला पेटून. मोठी काकू कायम ब्लाइंड खेळायची. नंतर पत्ते उचलून बघितले तरी तिच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही, आणि हातात बहुतेक वेळा काही नसायचं. तिच्या तालमीत चाळीस वर्षं घासलेला मी, भुसावळहून मंगला एक्सप्रेस धरून गोव्याच्या कॅसिनोकडे निघालो तेव्हा पोकर म्हणजे तीन पत्तीचाच शहरात शिकलेला भाऊ, अशी माझी पक्की समजूत होती.

कायद्याचं आधी उरकून टाकतो. गोव्याचा जुगारबंदी कायदा 1976चा. 1992मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना मुभा मिळाली, 1996मध्ये पाण्यावरच्या जहाजांना टेबलावरच्या खेळांचीही. फेब्रुवारी 2020पासून खुद्द गोवेकरांना मात्र आत खेळायला बंदी आहे. महाराष्ट्रानेही 1976मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि 2023मध्ये रद्द झाला. आमच्या कापूसपट्ट्याने मात्र उगाच सोवळेपणा मिरवू नये. मुंबईचा मटका सुरू झाला तोच न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आकडे लावण्यातून!

पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने जहाजावर नेतात. जहाज कुठेच जात नाही, मांडवीत नांगर टाकून उभं. आत गर्दी सगळी रूलेटभोवती. चाकावर 37 घरं. एका आकड्यावर लावून जिंकलात तर 35 पट मिळतात, न्याय्य हिशेबाने 36 मिळायला हवेत. त्या एका पटीवर जहाज तरंगतं. पोकरची खोली आडबाजूला, शांत. इथे तुम्ही कॅसिनोशी खेळत नाही, समोर बसलेल्यांशी खेळता. कॅसिनो प्रत्येक डावातून फक्त आपला वाटा उचलतो. आमच्याकडच्या अड्ड्यावर याला नाल म्हणतात.

प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मग टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडे. सातांतून उत्तम पाच जुळवायचे. तासभर मी अंग राखून खेळलो. मग हातात आली बदामाची अठ्ठी आणि किलवरची नव्वी. टेबलावर पहिले तीन उघडले: इस्पिकची दश्शी, इस्पिकचा गुलाम, चौकटची सत्ती. सत्तीपासून गुलामापर्यंत सलग सिक्वेन्स! चौथं पान इस्पिकची तिर्री, पाचवं चौकटचा राजा. समोरच्या चष्मेवाल्या पोराने चाल वाढवली. त्याच्याकडे इस्पिकचा कलर असणार हे मला दिसत होतं, आणि म्हणूनच तर आनंदाने मी होत्या तेवढ्या चिप्स पुढे सरकवल्या. त्याने एक्का आणि छक्की उघडली, दोन्ही इस्पिक. मी चिप्स ओढायला हात पुढे केला तेव्हा डीलर मुलगी हळू आवाजात म्हणाली, “सर, फ्लश बड़ा है.”

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. पुस्तकात हे मी वाचलंही होतं. हाताला ठाऊक नव्हतं.

परतीच्या गाडीत वहीवर मांडून पाहिलं. 52 पानांतून तीन पानांचे हात होतात 22,100. त्यांत साधे सिक्वेन्स 720, कलर 1,096. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून वर. पाच पानांचे हात 25,98,960. त्यांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. दोन पानं वाढली आणि पारडं फिरलं. दोन्ही खेळ आपापल्या जागी बरोबर. पण त्याच वहीत दुसरंच घबाड सापडलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी ते ऐकवतोय. तीन पत्तीत सर्वांत वर ट्रेल, म्हणजे एकाच किमतीची तीन पानं. ट्रेल किती? 13 गुणिले 4, म्हणजे 52. त्याच्या खालचा प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचा? एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा ओळी, चार रंग: 48. म्हणजे जास्त दुर्मीळ हात खाली बसवलाय! पिढ्यान्‌पिढ्या तीन एक्क्यांपुढे पानं टाकणाऱ्या आपल्यापैकी कुणी हे मोजलं नव्हतं.

1967मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानलं, तेव्हा तीन पत्त्यांच्या खेळाची गणना निव्वळ नशिबात केली. न्यायालयाचा मान राखून म्हणतो, त्यांनी आमची काकू पाहिली नव्हती. पोकरच्या टेबलावर रात्रभर जे पाहिलं, पानं नसताना पानं असल्यासारखं बसणं, ते ती ओसरीवर शेंगदाण्यांसाठी करत असे.

कॅसिनोत जायचंच असेल तर घालवायची रक्कम घरीच ठरवून वेगळी काढा. माझे दहा हजार ठरले होते, तेवढेच गेले. आणि दिवाळीत आमच्याकडे आलात तर बसा डावाला. आमच्याकडे सिक्वेन्स अजून कलरच्या वरच आहे.