लाल डबी, पिवळी डबी

जपानमध्ये कॅरॅमल आधी पत्र्याच्या डब्यात मिळायचं. तिथला उन्हाळा दमट. वडी जरा उघडी राहिली की पाघळलीच. १९१४ साली टोकियोत तैशो प्रदर्शन भरलं, तेव्हा मोरिनागा कंपनीने २० वड्यांची कागदी डबी विकायला ठेवली. रंग पिवळा, खिशात मावेल एवढी. ती पिवळी डबी दुकानांत आजही दिसते.

आठ वर्षांनी तिच्या शेजारी लाल डबी येऊन बसली. सागा प्रांतातला औषधविक्रेता एझाकी रिइची याने पाहिलं होतं, की कोळी लोक कालवं उकडून पाणी ओतून देतात. त्या पाण्यातलं ग्लायकोजेन हे शक्ती देणारं द्रव्य त्याने कॅरॅमलमध्ये घातलं आणि खाऊचं नाव ठेवलं ग्लिको. फळीवर पिवळ्यापेक्षा वेगळं उठून दिसावं म्हणून डबी लालभडक केली. चित्र कोणतं असावं, हे त्याने शाळकरी मुलांना विचारून ठरवलं. निवडून आला शर्यत जिंकून दोन्ही हात उंचावलेला धावपटू. एका वडीत ३०० मीटर धावण्याची ताकद, हे त्याचं ब्रीद. ११ फेब्रुवारी १९२२ला ओसाकाच्या मित्सुकोशी दुकानात विक्री सुरू झाली.

पहिल्या चित्रातला धावपटू दमलेला, चेहरा आक्रसलेला होता. त्याची भीती वाटते, असं शाळकरी मुली म्हणाल्या. १९२८मध्ये कंपनीने चेहरा बदलला आणि गडी हसू लागला. खाणं आणि खेळणं ही मुलांची दोन मोठी कामं, असं एझाकी मानायचा. म्हणून खाऊसोबत खेळणंही आलं आणि पुढे त्यासाठी डबीच्या डोक्यावर वेगळी चिमुकली डबी बसली. डबी ज्याच्या हातात पडणार, त्याला आधी विचारायचं, ही रीत मला फार मोलाची वाटते.

ती रीत आजच्या साध्या तांदळाच्या कुरकुरीत सेनबेईच्या पाकिटावरही दिसते. कुठून फाडायचं ते दाखवणारी खूण असते, आणि तिथे बोटं लावली की कात्री न लागता पाकीट उघडतं. आत बहुधा ओलावा शोषणारी पुडी असते, काही खाऊंच्या पाकिटात प्राणवायू शोषणारी. प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या तिथे १९७७पासून निघतात. मागच्या बाजूला घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ॲलर्जीचे पदार्थही सांगावेच लागतात, जसे अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, कुट्टू, कोळंबी, खेकडा आणि २०२३मध्ये जोडलेला अक्रोड.

एका गोष्टीवर मात्र माझी हरकत आहे. मोठ्या पाकिटात प्रत्येक बिस्किटाला पुन्हा स्वतंत्र प्लॅस्टिक! गावाहून आणलेला खाऊ ऑफिसात एकेकाच्या टेबलावर ठेवायची पद्धत आहे, त्यासाठी ते सोयीचं, ताजेपणाही टिकतो. पण खाऊ संपल्यावर उरतो तो ढीग. २०१९ साली जपानमधल्या किटकॅटच्या मोठ्या पिशव्या कागदाच्या झाल्या आणि त्याच कागदाचा क्रौंच पक्षी कसा घडवायचा, हेही त्यावर छापलं गेलं. आतली लहान पाकिटं मात्र प्लॅस्टिकचीच राहिली.

कागोशिमाच्या बोंतान आमेने हा प्रश्न फार आधी सोडवला आहे. पपनसाच्या चवीच्या या मऊ वड्या चिकट असतात, म्हणून प्रत्येकीभोवती पिष्टाचा पारदर्शक पापुद्रा असतो. तोंडात घातला की तो आधी जिभेला चिकटतो, मग विरघळतो. नवखा माणूस तो नखाने सोलायला बघतो. सोलायचा नसतो, वडीसोबत खायचा असतो.