संगीत-सॉफ्टवेअरमधील ध्वनिफाइली : साठवण, संदर्भ आणि ट्रिगर

प्रस्तावना :
महाविद्यालयांच्या संगीत विभागांत तानपुऱ्याची व तबल्याची साथ, युवक महोत्सवातील नाटकांचे पार्श्वसंगीत आणि ज्येष्ठ कलावंतांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण यांसाठी संगणकाचा वापर आता सर्रास होतो. मात्र सॉफ्टवेअर हाताळता येणे आणि त्याच्या आत काय घडते हे ठाऊक असणे या भिन्न गोष्टी आहेत. ध्वनी पडद्यावर एकाच ठिकाणी दिसत असला तरी त्याचा साठा एकीकडे असतो आणि तो केव्हा, कसा वाजावा याची आज्ञा दुसरीकडे नोंदलेली असते. ही फारकत लक्षात न आल्यामुळे कधी तिहाई समेऐवजी खालीवर येते, तर कधी काही वर्षांनी उघडलेले ध्वनिमुद्रण मुके निघते. प्रस्तुत लेखात या दोहोंची कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

साठा आणि स्मृती :
सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला ध्वनिलहरीची ४४,१०० मोजमापे घेतली जातात. प्रत्येक मोजमापास २ बाइट आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह धरता एका सेकंदास १,७६,४०० बाइट, म्हणजे मिनिटास सुमारे १०.६ मेगाबाइट जागा लागते. डग्ग्याच्या एका बोलाची फाईल लहान असल्याने ती संपूर्णपणे रॅममध्ये ठेवता येते. मोठ्या फाइलीचा मात्र केवळ प्रारंभीचा अंश रॅममध्ये घेऊन उर्वरित भाग वाजत असतानाच डिस्कवरून वाचला जातो. १९९८ मध्ये आलेल्या गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरमुळे ही पद्धत रूढ झाली. तत्पूर्वीच्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा तुकडा असे आणि सुमारे आठ सेकंदांनी तो संपून स्वर थांबत असे.

आज्ञा आणि प्रत्यक्ष नाद यांत थोडे अंतर राहतेच. ५१२ मोजमापांचा बफर ठेवल्यास ११.६ मिलिसेकंद, तर ६४ चा ठेवल्यास सुमारे १.५ मिलिसेकंद विलंब होतो. बफर फार लहान केल्यास संगणकाला वेळ पुरत नाही व आवाज तुटतो. एमपी३ फाइलीच्या आरंभी संकोचनप्रक्रियेमुळे क्षणिक शांतता मिसळली जाते; म्हणून तबल्याचे बोल आणि अखंड फिरणारा तानपुरा यांसाठी वेव्ह किंवा एआयएफएफ याच फाइली वापराव्यात.

ट्रिगर आणि ताल :
ध्वनिफाईल नेमक्या क्षणी वाजू लागावी म्हणून दिलेली आज्ञा म्हणजे ट्रिगर. १९८३ पासून प्रचलित असलेल्या मिडी संकेतात तिच्यासोबत पट्टीचा क्रमांक आणि आघाताचा जोर, दोन्ही ० ते १२७ या मर्यादेत, पाठविले जातात. पट्टी सोडताच फाईल थांबावी की शेवटपर्यंत वाजावी, हे वेगळे ठरवावे लागते. तानपुऱ्याला पहिला प्रकार चालतो; तबल्याच्या बोलाला दुसरा हवा.

तबल्यात आणखी एक अडचण आहे. 'ना'चा घुमारा पुढच्या बंद 'ते'ने मिटतो आणि 'घे'चा नाद 'क'ने. सॉफ्टवेअरमध्ये एका गटातील नवी फाईल जुनीला थांबवते, अशी सोय असते. तिचा उपयोग करून तबल्याचे बोल एका गटात व डग्ग्याचे दुसऱ्या गटात ठेवावेत. येथे 'धा' ही एकच फाईल म्हणून मुद्रित केली असेल तर मात्र सारे बिघडते : पाठोपाठ आलेला 'क' डग्ग्याबरोबर तबल्याचाही नाद तोडतो. 'धा' हा 'ना' आणि 'घे' अशा दोन फाइलींनी एकाच वेळी वाजविणे अधिक शास्त्रशुद्ध होय. बाजारातील अनेक तयार संचांत या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झालेले आढळते.

एबलटन लाइव्ह (२००१) सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रिगर दिल्यावर फाईल लगेच न वाजता पुढील ठरावीक ठोक्याची वाट पाहते. ही मर्यादा मुळात एका 'बार'ची, म्हणजे सहसा चार ठोक्यांची असते. तीनतालात चार मात्रांचे चार विभाग असल्याने फाईल १, ५, ९ किंवा १३ यांपैकी कोणत्याही मात्रेवर सुरू होऊ शकते. नवव्या मात्रेवर खाली असते. सम हवी असल्यास मर्यादा चार बारांची करावी आणि गणनेचा आरंभ समेवरूनच करावा. रूपकासाठी सात ठोक्यांचा बार घेता येतो. अतिविलंबित एकतालात मात्रा पाच सेकंदांची असेल तर लय मिनिटाला १२ येते, परंतु या सॉफ्टवेअरची किमान गती २० आहे. तेव्हा प्रत्येक मात्रेचे चार भाग करून गती ४८ ठेवावी लागते.

संदर्भ तुटणे :
काम जतन केल्यावर तयार होणारी प्रकल्प-फाईल अवघ्या काही किलोबाइटांची असू शकते, हे पुष्कळांना संशयास्पद वाटत नाही. वस्तुतः तीत बहुधा ध्वनी नसतोच. तो डिस्कवर कोठे आहे याचा पत्ता व आज्ञांची नोंद एवढेच असते. मूळ फाइलीचे नाव बदलले, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली किंवा केवळ प्रकल्प-फाईल पेन ड्राइव्हवर घेतली, की पत्ता निरर्थक ठरतो. विनाशुल्क मिळणाऱ्या ऑडॅसिटीत २०२१ मध्ये ३.० ही आवृत्ती येईपर्यंत ध्वनी स्वतंत्र डेटा फोल्डरमध्ये असंख्य तुकड्यांच्या रूपाने राहत असे. त्या काळातील प्रकल्प-फाईल नव्या आवृत्तीत आजही उघडता येते, मात्र तो फोल्डर शेजारी असला तरच. अनेक विभागांतील जुन्या सीडींवर अशा एकाकी फाइली असण्याची शक्यता आहे. ज्यांचे गायन त्यांत होते ते कलावंत हयात नसतील तर ती हानी भरून येणारी नाही.

लाइव्हमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' या आज्ञेने सर्व फाइली प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये गोळा करता येतात. इतर बहुतेक सॉफ्टवेअरमध्येही तत्सम सोय आहे. दुर्मीळ मुद्रणाची अखंड वेव्ह प्रत प्रकल्पाबाहेर निराळी ठेवावी आणि तिच्या नावात वर्ष, राग, ताल व स्वर यांचा उल्लेख असावा. प्रत घेतल्यावर ती मूळ डिस्क न जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडून आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावी. त्याच संगणकावर केलेली तपासणी पुरेशी नसते, कारण तेथे जुना पत्ता अद्याप जिवंत असतो.