चेंडू हलतो तो मेंदूत!

शाळेत चित्रकलेचा प्रकल्प म्हटला की फ्लिपबुक हमखास आठवते. छोट्या पॅडच्या प्रत्येक पानावर थोडे थोडे बदलत जाणारे चित्र काढायचे आणि अंगठ्याने पाने भराभर सोडायची. कागदावरचा चेंडू उड्या मारू लागतो. इंग्लंडमधील जॉन बार्न्स लिनेट यांनी या खेळण्याचे पेटंट १८६८ मध्ये घेतले होते.

पण चेंडू हलतो कुठे? प्रत्येक पानावरचे चित्र तर स्थिरच असते. एका चित्राची प्रतिमा डोळ्यात क्षणभर टिकते आणि पुढचे चित्र तिच्यात मिसळते, असे उत्तर अनेकदा दिले जाते. ते अपुरे आहे. प्रतिमा नुसत्या मिसळल्या असत्या, तर धावता चेंडू दिसला नसता. एकमेकांवर पडलेल्या चेंडूंचा पुसट पट्टा दिसला असता. दोन स्थिर खुणा ठरावीक वेगाने एकापाठोपाठ दाखवल्या, तर पाहणाऱ्याला हालचाल जाणवते, हे मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्थायमर यांनी १९१२ मध्ये दाखवले. दोन चित्रांमधला दुवा मेंदू जोडतो.

हालचाल टिपण्याचे काम मेंदूतला एक विशिष्ट भाग करतो. तो निकामी झाला तर काय होते, हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महिला रुग्णाच्या वृत्तान्तातून कळते. तिला वस्तू आणि रंग दिसत होते, हालचाल मात्र दिसत नव्हती. कपात ओतला जाणारा चहा तिला गोठल्यासारखा वाटे आणि कप भरत आला हे कळत नसे. दूर दिसलेली मोटार एकाएकी जवळ आलेली असे, त्यामुळे रस्ता ओलांडणे अवघड झाले होते.

प्रकल्पासाठी ६० कोऱ्या पानांचे छोटे पॅड पुरे. सेकंदाला साधारण १२ पाने सुटली, तर ५ सेकंदांचे चलचित्र होते. सुरुवात शेवटच्या पानापासून करावी. वरचे पान टेकवले की खालचे चित्र पुसट दिसते. चित्र बांधणीपासून दूर, मोकळ्या कडेजवळ काढावे. जमिनीची रेघ गिरवूनच घ्यावी, नाहीतर जमीनही थरथरते.

खरी गंमत अंतरात आहे. दर पानाला चेंडू सारखाच खाली आणला तर तो पडत नाही, नुसता सरकतो. गॅलिलिओने सांगितल्याप्रमाणे, पडणारी वस्तू सारख्या कालावधीत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते. म्हणून २, ६, १०, १४ मिलिमीटर असे अंतर वाढवत न्यावे. उसळताना हाच क्रम उलटा. ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणणाऱ्या मुलालाही गोल आणि मोजपट्टी एवढ्यावर हे जमते.

पॅड तयार झाले की पाने मुद्दाम सावकाश सोडून पाहा. एका टप्प्यावर चेंडूची उडी तुटते आणि सुटी सुटी चित्रे उरतात. पुन्हा वेग वाढवा. चेंडू उसळू लागेल. वही तीच, चित्रेही तीच. मग बदलले काय, हे मुलांनाच सांगू द्या.