पदर सक्तीनं उतरवला तेव्हा: इराणचा धडा

८ जानेवारी १९३६. इराणचा शाह रझा पहलवी राणी आणि मुलींसह तेहरानमधल्या एका शिक्षण संस्थेच्या समारंभाला आला. तिघींच्याही अंगावर चादोर, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत अंग झाकणारं वस्त्र, नव्हती. त्यानंतर देशभर चादोर आणि बुरख्यावर बंदी आली. स्त्रियांना पुढं आणायचं, हा सांगितलेला हेतू. त्याच काळात तेहरान विद्यापीठाचे दरवाजेही त्यांना खुले झाले.

शिकलेल्या, शहरी घरांतल्या काहींना ही मोकळीक वाटली. पण रस्त्यावर पोलीस बायकांच्या डोक्यावरची चादोर ओढून काढत, फाडत. त्यामुळे कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. तेव्हा बहुतेक घरांत न्हाणीघर नसे, सार्वजनिक हमामात जावं लागे. तिथं जाणंही अवघड झालं. परंपरा मानणाऱ्या घरांनी मुलींना शाळेतून काढलं. जिच्यासाठी कायदा केला, तीच चार भिंतींत अडकली.

१९४१ मध्ये शाह पायउतार झाला आणि सक्ती सैल पडली. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर काटा उलट फिरला. हिजाबसक्तीची चाहूल लागताच ८ मार्चला, महिला दिनी, हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या. तरी १९८३ मध्ये हिजाब न घालणाऱ्यांना ७४ फटक्यांपर्यंतची शिक्षा कायद्यात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाब नीट न घातल्याच्या आरोपावरून पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या महसा अमिनीचा मृत्यू झाला आणि देश पेटून उठला.

बुरखा किंवा हिजाब घालण्यामागे अनेकदा घरच्यांचा धाक असतो, हे खरंच. त्यावर उपाय म्हणजे शिक्षण, रोजगार आणि तक्रार ऐकणारी यंत्रणा. काय घालायचं हे मात्र त्या स्त्रीनंच ठरवावं, पोलिसांनी नव्हे.